एडवर्ड लिव्हिंग्स्टन : फाशीविरुद्ध कायदा लिहिणारा माणूस



मुंबईत वाढलेल्या आपल्या पिढीला कायद्याची दोन-चार कलमे तरी तोंडपाठ असतात. चारशेवीस म्हणजे ठक, तीनशेदोन म्हणजे खून. हे कोणी शाळेत शिकवले नाही, नाक्यावर आणि सिनेमात ऐकून ऐकून डोक्यात बसले. तो इंडियन पीनल कोड लॉर्ड मेकॉलेने लिहिला हेही बहुतेकांना ठाऊक आहे. पण १८३७ साली मेकॉले आणि त्याच्या सोबत्यांनी मसुदा सरकारकडे दिला, तेव्हा सोबतच्या निवेदनात त्यांनी दोन परक्या कायद्यांचे ऋण मान्य केले होते. एक फ्रान्सचा. दुसरा अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यासाठी लिहिलेला, आणि त्याची मदत जास्त झाली असे त्यांनी नमूद केले. हा दुसरा कायदा लिहिणारा माणूस आदल्याच वर्षी वारला होता. त्याचे नाव एडवर्ड लिव्हिंग्स्टन. आफ्रिकेत हिंडणारा डॉक्टर लिव्हिंग्स्टन वेगळा, तो स्कॉटलंडचा. हा अमेरिकेचा.

मी इस्रायलला येण्याआधी मुंबईत नऊ वर्षे एका फौजदारी वकिलाकडे कारकून होतो. कागद टाइप करायचे, तारखा वहीत लिहायच्या, आरोपीच्या बायकोला किंवा आईला पुढची तारीख समजावून सांगायची, हे माझे काम. त्यामुळे कोर्ट या जागेबद्दल मला अजून उत्सुकता आहे. वाचता वाचता हा माणूस सापडला आणि मला इतका आवडला की त्याची हकीकत आपल्या लोकांना सांगावी असे वाटले.

लिव्हिंग्स्टनचा जन्म २८ मे १७६४ चा, न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठी क्लर्मांट नावाच्या जहागिरीवर. घराणे मोठे जमीनदार. बाप न्यायाधीश. हा सगळ्यात धाकटा मुलगा. थोरला भाऊ रॉबर्ट म्हणजे अमेरिकेच्या इतिहासातली बडी असामी. स्वातंत्र्याचा जाहीरनामा तयार करणाऱ्या पाच जणांच्या समितीत तो होता, आणि १७८९ साली जॉर्ज वॉशिंग्टनला अध्यक्षपदाची शपथ दिली ती त्यानेच. धाकट्याचे बालपण मात्र युद्धात गेले. १७७७ साली इंग्रज फौजेने क्लर्मांटचे घर जाळून टाकले, तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. पुढे प्रिन्स्टनचे कॉलेज, मग कायद्याचा अभ्यास, मग वकिली. १७९५ मध्ये तो काँग्रेसवर निवडून गेला. १७९८ साली सरकारने परदेशी लोकांना हद्दपार करण्याचे आणि सरकारवर टीका करणाऱ्यांना तुरुंगात टाकण्याचे कायदे आणले, त्यांना त्याने सभागृहात कडाडून विरोध केला. खटला न चालवता माणसाला हाकलून द्यायचे, हे त्याला सहनच होत नव्हते. एवढे लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे त्यातूनच आले आहे.

१८०१ हे साल त्याच्या आयुष्यात सुखदुःखाचे. त्या वर्षी बायको मेरी वारली, तीन लहान मुले मागे ठेवून. त्याच वर्षी अध्यक्ष जेफरसनने त्याला न्यूयॉर्कचा सरकारी वकील नेमले आणि पाठोपाठ तो न्यूयॉर्क शहराचा मेयरही झाला. त्या काळी मेयरला कोर्टही चालवावे लागे. वय सदतीस, घराणे मोठे, नाव झालेले. पुढची वाट सरळ दिसत होती.

१८०३ च्या उन्हाळ्यात शहरात पिवळ्या तापाची साथ आली. ज्यांना जमले ते सगळे शहर सोडून पळाले. मेयर मात्र राहिला. तो आजाऱ्यांच्या घरी जायचा, इस्पितळात जायचा. शेवटी ताप त्यालाही चढला आणि मरता मरता वाचला. बिछान्यातून उठला तो दुसरीच बातमी ऐकत. सरकारी वकील म्हणून जकातीची थकबाकी वसूल होऊन त्याच्या कचेरीत यायची, आणि ती हाताळणाऱ्या त्याच्या कारकुनाने मोठी रक्कम हडप केली होती. (कारकून म्हणून मला हे लिहिताना बरे वाटत नाही, पण झाले ते असे.)

त्याने काय केले असेल? हिशेब पुरा व्हायच्या आतच त्याने कोर्टात एक लाख डॉलरपर्यंतची जबाबदारी आपल्या नावावर लिहून दिली. खरी तूट पुढे निम्म्याहून कमी निघाली. मेयरपद सोडले, सरकारी वकिली सोडली, मालमत्ता कर्जापोटी विश्वस्ताच्या हवाली केली, मुले भावाच्या घरी ठेवली आणि थोडीशी रक्कम खिशात घालून तो जहाजाने न्यू ऑर्लिन्सला निघाला. वय चाळीस होत आलेले. लुइझियानाचा प्रांत अमेरिकेने नुकताच फ्रान्सकडून विकत घेतला होता, आणि गंमत अशी की पॅरिसमध्ये ती खरेदी जुळवणाऱ्यांत थोरला भाऊ रॉबर्टच होता. थोरल्याने प्रांत मिळवला, धाकटा त्याच प्रांतात कर्ज फेडायला गेला.

त्या पहिल्या लग्नाची तिन्ही मुले त्याच्या हयातीतच गेली, हे इथेच सांगून टाकतो. न्यू ऑर्लिन्सला त्याने १८०५ साली दुसरे लग्न केले. बायको लुईज ही सेंट डोमिंगोहून, म्हणजे आजच्या हैतीहून, तिथल्या उठावातून जीव वाचवून आलेली तरुण विधवा होती. फ्रेंच बोलणारी, हुशार. त्याच्या लिखाणात तिची मदत असे. त्यांना कोरा नावाची एक मुलगी झाली.

आता न्यू ऑर्लिन्सचे कोर्ट कसे होते ते बघा. तिथे पूर्वी फ्रान्सचे राज्य, मग स्पेनचे, मग थोडे दिवस पुन्हा फ्रान्सचे, आणि आता अमेरिकेचे. लोक फ्रेंच बोलणारे, जुने कागद स्पॅनिशमध्ये, नवे अंमलदार इंग्रजी बोलणारे. कुठला कायदा चालतो हे कोणालाच धड सांगता येईना. इस्रायलमध्ये आपण नवीन आलो तेव्हा हातात हिब्रू कागद देऊन कोणी सही मागितली की काय वाटायचे, आठवते ना? त्या लोकांची गत तशीच होती, फरक एवढाच की ते आपल्याच गावात बसून परके झाले होते.

त्यात इंग्रजी पद्धतीची आणखी एक भानगड होती. इंग्लंडच्या जुन्या रीतीप्रमाणे दावा लावायचा तर तो ठरावीक साच्यात बसवावा लागे. प्रत्येक साच्याचे नाव वेगळे, शब्द वेगळे. तुमचे म्हणणे शंभर टक्के खरे असले तरी वकिलाने चुकीचा साचा निवडला तर दावा फेटाळला जाई. वकिलांचा धंदा त्यावरच चाले. लिव्हिंग्स्टन स्वतः त्याच पद्धतीत शिकलेला आणि तिच्यावर पैसे कमावलेला माणूस. पण १८०५ साली प्रांताच्या विधानमंडळासाठी त्याने दिवाणी कामकाजाचा छोटासा कायदा लिहून दिला, त्यात हे साचे काढून टाकले. वादीने अर्ज करावा, त्यात आपले नाव, समोरच्याचे नाव, काय घडले आणि काय हवे एवढे साध्या भाषेत लिहावे. प्रतिवादीने तसेच साधे उत्तर द्यावे. मग कोर्टाने पुरावा बघून निकाल द्यावा. एवढेच! हा कायदा मंजूर झाला आणि चालला. न्यूयॉर्कसारख्या पुढारलेल्या राज्यात ही सुधारणा व्हायला १८४८ साल उजाडावे लागले. तोपर्यंत लुइझियानात एक पिढी त्या रीतीने दावे लावून म्हातारी झाली होती.

मधली वर्षे मी भराभर सांगतो. नदीच्या गाळाने तयार झालेल्या एका जमिनीच्या तुकड्यावरून त्याचे आणि गावकऱ्यांचे भांडण झाले. अध्यक्ष जेफरसनने १८०८ मध्ये कोर्टाचा निकाल न घेता सरकारी माणसे पाठवून त्याला तिथून बाहेर काढले. त्याने जेफरसनवरच दावा ठोकला. हे भांडण वर्षानुवर्षे चालले आणि त्यात त्याचा पैसा व तब्येत दोन्ही खर्ची पडले. पुढे इंग्रजांनी न्यू ऑर्लिन्सवर चाल केली, तेव्हा जनरल जॅक्सनचा मदतनीस, दुभाषा आणि सल्लागार म्हणून तो लढाईत होता. ८ जानेवारी १८१५ ला इंग्रजांचा मोठा पराभव झाला.

याच लढाईत न्यू ऑर्लिन्सचा एक यहुदी व्यापारी जखमी झाला होता. जुदा टूरो त्याचे नाव. मरताना त्याने ठेवलेल्या पैशातून सर मोझेस माँटेफिओरे यांनी यरुशलेममध्ये जुन्या शहराच्या भिंतीबाहेर मिश्केनोत शाननीम ही वस्ती बांधली, तीच ती पवनचक्कीजवळची. आपल्यापैकी अनेक जण सहलीत तिथे फोटो काढून आले असतील. एकाच गावातली, एकाच लढाईतली ही दोन माणसे.

१८२० मध्ये लिव्हिंग्स्टन लुइझियानाच्या विधानमंडळात निवडून गेला आणि १८२१ साली राज्याने त्याला फौजदारी कायद्याची नवी संहिता लिहायचे काम दिले. कारण फौजदारीत घोळ दिवाणीपेक्षा मोठा होता. गुन्हा कशाला म्हणायचे हे ठरवण्यासाठी तिथल्या कोर्टाला इंग्लंडच्या न लिहिलेल्या रूढीकडे बघावे लागे. म्हणजे शेकडो वर्षांचे निकाल, जाडजूड पुस्तकांत विखुरलेले, तेही फ्रेंच बोलणाऱ्या शेतकऱ्याला न कळणाऱ्या भाषेत. ज्या नियमावरून माणसाला फासावर चढवायचे तो नियम त्याला कधी वाचायला मिळालेलाच नाही. लिव्हिंग्स्टनला हे अन्यायाचे मूळ वाटत होते.

त्याने देशोदेशीचे तुरुंगांचे अहवाल गोळा केले, पत्रे पाठवली, इंग्लंडच्या बेंथॅम नावाच्या विचारवंताची पुस्तके वाचली. १८२२ मध्ये त्याने आपला आराखडा विधानमंडळापुढे ठेवला. त्यांनी पसंती दिली आणि काम पुढे चालवायला सांगितले. हा आराखडा लंडन आणि पॅरिसमध्येही छापला गेला. मधल्या काळात तो पुन्हा काँग्रेसवर गेला, पण रात्री बसून लिहिणे चालूच होते.

नोव्हेंबर १८२४. तो न्यूयॉर्कला राहत होता. संहिता लिहून पुरी झाली होती, छापखान्यासाठी स्वच्छ प्रतही तयार होती. एका रात्री उशिरापर्यंत बसून त्याने मूळ आणि प्रत ताडून बघितली, दोन्ही कागद एकाच जागी ठेवले आणि झोपला. काही तासांत आगीच्या आरोळीने जाग आली. घरातली माणसे वाचली. कागद गेले, मूळही आणि प्रतही. हाती लागली ती थोडीशी पाने. वय साठ. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पहिल्या पानापासून लिहायला बसला.

मी हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. टाइपरायटरवर दहा पाने टाइप झाल्यावर कार्बन उलटा लागला होता असे कळले की आम्ही कारकून अर्धा दिवस चडफडत असू. या माणसाची तीन वर्षे जळाली आणि त्याने वेळ फक्त एका रात्रीचा घालवला. साधारण दोन वर्षांत सगळे पुन्हा लिहून त्याने राज्याला सादर केले.

या संहितेत होते काय? मोठे चार भाग होते. गुन्हे आणि शिक्षा, फौजदारी कामकाज, पुरावा, आणि तुरुंग व सुधारणा. शिवाय शब्दांच्या व्याख्यांचे एक वेगळे पुस्तक. कायद्यात वापरलेल्या खास शब्दाचा अर्थ नक्की काय, हे तिथे बघता यावे. साध्या माणसाला वाचून कळेल असा फौजदारी कायदा हवा हा त्याचा हट्ट होता. अटकेतल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा आणि अटकेचे कारण दाखवा, असा जो हेबियस कॉर्पसचा हुकूम असतो त्याबद्दल त्याने फार बारकाईने लिहिले. हुकूम कोण मागू शकतो, कोणी द्यायचा, अंमलदाराने टाळाटाळ केली तर काय, सगळे.

मला सर्वात भिडले ते कच्च्या कैद्यांबद्दल त्याने लिहिलेले. ज्याच्यावर अजून गुन्हा शाबीत झालेला नाही त्याला शिक्षा झालेल्यांच्यात मुळीच ठेवायचे नाही, त्याची जागा वेगळी, त्याची वागणूक वेगळी. आमच्याकडे एका म्हातारीचा मुलगा होता, गिरणीतला. चोरीचा आरोप. जामिनाला माणूस नाही म्हणून आत. ती बाई दर तारखेला डब्यात बोंबलाची चटणी आणि भाकरी घेऊन यायची आणि व्हॅनमधून उतरताना त्याला देऊ द्या म्हणून हवालदाराच्या पाया पडायची. चौदा महिन्यांनी तो निर्दोष सुटला. तोवर गिरणीतली नोकरी गेली होती आणि तुरुंगात त्याला नवे मित्र मिळाले होते. पुढे तो खरोखरच एका चोरीत सापडला. त्या वेळी आमच्या वकीलसाहेबांनी फी घेतली नाही. लिव्हिंग्स्टनने सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी हेच लिहून ठेवले होते की तुरुंग ही गुन्हेगारीची शाळा होते. म्हणून त्याने लहान वयाच्या गुन्हेगारांसाठी वेगळी सुधारशाळा मांडली, आणि सुटून आलेल्या माणसाला काम मिळेपर्यंत राहायला आश्रय आणि कामधंदा देणारे घरसुद्धा. सुटलेल्या माणसाला कोणी कामावर ठेवत नाही, मग तो खाणार काय, हा प्रश्न त्या काळी किती जणांनी विचारला असेल?

आणि फाशी. त्याच्या संहितेत फाशी नव्हतीच. खुनालासुद्धा नाही. त्या काळात हे बोलणे म्हणजे लोकांना वेड वाटावे असेच होते. त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते. न्यायाधीश आणि ज्यूरी माणसेच आहेत, चुकणार. बाकी कुठल्याही शिक्षेत चूक कळली तर काहीतरी भरपाई करता येते, फाशीत येत नाही. दुसरे, शिक्षा फार भयंकर असली की ज्यूरीचे मन कचरते आणि खरा गुन्हेगारही सुटतो. गुन्ह्याला आळा बसतो तो शिक्षा नक्की मिळणार या खात्रीने. तिसरे, चौकातल्या फाशीने लोकांना दहशत बसत नाही, त्यांना तमाशाची चटक लागते.

आपल्या शास्त्रातही फाशी देताना किती अडथळे घातले होते ते जाणत्यांना ठाऊक आहे. दोन साक्षीदार हवेत, त्यांनी गुन्ह्याआधी ताकीद दिलेली हवी. फार वर्षांतून एखाद्यालाच मृत्यूदंड देणाऱ्या सान्हेद्रीनलाही आपल्या रब्बींनी रक्तपाती म्हटले. लिव्हिंग्स्टन वेगळ्या वाटेने त्याच जागी आला.

इस्रायलच्या लोकांना पहिल्या चुकीचा अनुभव फार लवकर आला. मेईर टोबियान्स्की नावाचा फौजी अधिकारी होता. ३० जून १९४८ ला, राज्य स्थापन होऊन जेमतेम दीड महिना झाला होता, त्याच्यावर हेरगिरीचा आरोप ठेवून घाईघाईने लष्करी चौकशी झाली आणि त्याच दिवशी त्याला गोळ्या घातल्या. वकील नाही, अपील नाही. १९४९ मध्ये तो निर्दोष होता असे सरकारनेच जाहीर केले, त्याला हुद्दा परत दिला आणि सन्मानाने पुन्हा दफन केले. हुद्दा परत देता आला. पुढे १९५४ साली क्नेसेतने खुनासाठीची फाशी रद्द केली. आजवर इस्रायलच्या दिवाणी कोर्टाच्या निकालाने फासावर गेला तो एकटा आइकमन, १९६२ मध्ये. त्याच्याबद्दल माझ्या मनात जराही दया नाही, आणि लिव्हिंग्स्टनने त्याला काय शिक्षा सांगितली असती हा विचार केला की मला त्याचे पटत नाही हेही प्रामाणिकपणे लिहितो. पण टोबियान्स्कीच्या बायकोमुलाचा विचार केला की पुन्हा त्याचेच पटते. आपल्याकडे हा वाद अधूनमधून उफाळतो आणि माणसे जेवणाच्या टेबलावरून उठून जातात. म्हणून राजकारणात मी शिरत नाही.

लिव्हिंग्स्टनला देव बनवायची गरज नाही. खुन्याला फाशी नाही म्हणताना त्याने जन्मभर एकांतवासाची कोठडी सांगितली, आणि ती आतून-बाहेरून काळी रंगवावी, दारावर त्याच्या गुन्ह्याचा लेख लावावा असेही लिहिले. जिवंत माणसाचे थडगेच ते. एकटे कोंडल्याने माणूस सुधारतो की वेडा होतो हे त्या काळी कळले नव्हते असे म्हणू, पण वाचताना अंगावर काटा येतो. आणि दुसरी गोष्ट त्याहून मोठी. लुइझियाना हे गुलामांचे राज्य. काळ्या माणसांसाठी तिथे वेगळा कठोर कायदा होता. लिव्हिंग्स्टनच्या घरीही गुलाम होते. साध्या माणसाला कायदा कळला पाहिजे म्हणणाऱ्या या माणसाच्या संहितेने गुलामगिरीला हात लावला नाही. डोळ्यासमोर रोज दिसत असलेले त्याला दिसले नाही, किंवा दिसूनही त्याने लिहिले नाही.

मग या संहितेचे झाले काय? राज्याने ती मंजूर केलीच नाही. फेटाळलीही नाही, नुसती राहून गेली. दिवाणीच्या बाजूने त्याला यश होते. मोरो-लिस्ले आणि डर्बिनी या दोघांबरोबर त्याने तयार केलेली दिवाणी संहिता आणि कोर्टाच्या कामकाजाची संहिता १८२५ साली लागू झाल्या. पण फौजदारी संहिता, जिच्यासाठी साठाव्या वर्षी तो पुन्हा पहिल्या पानाशी बसला, ती नाही. माझ्या मते कारण सरळ आहे. दाव्याचा अर्ज सोपा करायला सरकारला पैसा लागत नाही. नवे तुरुंग, सुधारशाळा, आश्रयघरे बांधायला लागतो. आणि गुलामांच्या राज्यात फाशी सोडून द्यायची मळेवाल्यांची तयारी नसणार.

परदेशात मात्र मान मिळाला. फ्रान्सच्या विद्वानांच्या अकादमीने त्याला सभासद करून घेतले. पुढे कलकत्त्यात सरकारचा कायदा सभासद असलेल्या सर हेन्री मेननेही त्याला आधुनिक काळातला पहिला मोठा कायदेपंडित मानले. मेकॉलेच्या हाती त्याची पुस्तके होती हे सुरुवातीला सांगितलेच. व्याख्या आधी, मग गुन्हा, मग शिक्षा, आणि इंग्लंडच्या रूढीत न शोधता सगळे एका पुस्तकात लिहिलेले, ही दिशा दोघांची एकच. मेकॉलेने फाशी ठेवली, तिथे त्याने लिव्हिंग्स्टनचे ऐकले नाही. हा मसुदाही तेवीस वर्षे पडून होता. १८६० मध्ये कायदा मंजूर झाला आणि १८६२ पासून लागू झाला. तोवर मुंबई शहरात इंग्लंडचा कायदा होता, बाहेर कंपनीचा १८२७ चा रेग्युलेशन, आणि अलिबागकडची आपली गावे तर १८४० पर्यंत आंग्र्यांच्या अमलाखाली. आपल्या तेल्यांच्या खापरपणज्यांनी घाण्यावर बसून तीन राज्यांचे कायदे बघितले असतील. २०२४ च्या जुलैमध्ये भारत सरकारने तो पीनल कोड काढून नवा कायदा आणला, तेव्हा चारशेवीसचा आकडाही बदलला. आमच्या ओळखीतले एक वृद्ध वकील मुंबईहून फोनवर म्हणाले की आता या वयात शिव्यासुद्धा नव्याने शिकाव्या लागणार.

लिव्हिंग्स्टनच्या उतारवयात मानाची पदे चालून आली. जुना सेनापती जॅक्सन राष्ट्राध्यक्ष झाला. लिव्हिंग्स्टन १८२९ मध्ये सिनेटर, १८३१ मध्ये परराष्ट्रमंत्री, मग फ्रान्समध्ये वकील. साउथ कॅरोलिना राज्याने देशाचा कायदा मानणार नाही म्हटले तेव्हा जॅक्सनने डिसेंबर १८३२ मध्ये काढलेला प्रसिद्ध जाहीरनामा याच्याच लेखणीचा. पण मला त्याच्या या काळातली एकच गोष्ट खरी मोठी वाटते. कारकुनाने बुडवलेले सरकारचे कर्ज त्याने शेवटी व्याजासकट फेडून टाकले. कितीतरी वर्षे लागली. २३ मे १८३६ रोजी हडसनकाठच्या माँटगोमेरी प्लेस या घरी तो वारला. बाहत्तरावा वाढदिवस पाच दिवसांवर होता.

त्याची फौजदारी संहिता खरोखर लागू झाली ती त्याच्या मृत्यूनंतर, १ जानेवारी १८३७ ला, आणि तीही ग्वाटेमालात. तिथल्या सुधारणावादी सरकारने ती स्पॅनिशमध्ये भाषांतर करून जशीच्या तशी आणली. ज्यूरी बसवायची, तर खेड्यातल्या इंडियन लोकांना लिहिता-वाचता येत नव्हते. प्रत्येकाला वेगळी कोठडी असलेले तुरुंग हवेत, तर ते बांधायला त्याच गरिबांना वेठीला धरले. त्यात पटकीची साथ आली. लोक उठले, करेरा नावाच्या पुढाऱ्याने बंड केले आणि १८३८ मध्ये कायदा गुंडाळला गेला. साध्या माणसाला कळावा म्हणून लिहिलेला कायदा तिथे साध्या माणसाच्या डोक्यावर दगड-विटांच्या रूपाने आला.

कायदा गेला पण नाव राहिले. ग्वाटेमालाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर लिव्हिंग्स्टन नावाचे एक गाव आहे, ते याच्याच नावाचे. तिथे गाडीरस्ता जात नाही, बोटीने जावे लागते. वस्तीत गारिफुना लोकही आहेत, म्हणजे आफ्रिकन आणि बेटांवरच्या मूळ रहिवाशांचे वंशज. सैन्यातून सुटलेली आपली पोरे पाठीला मोठी बॅग लावून दक्षिण आणि मध्य अमेरिका फिरायला जातात, त्यांतली कितीतरी ग्वाटेमालाला जातात आणि रिओ दुल्से नदीतून बोटीने या गावीही उतरतात. माझा नातू जाऊन आला. त्याला तिथली नारळाच्या दुधातली मासळीची आमटी फार आवडली, अगदी आजीच्या हातच्यासारखी म्हणाला. गावाला हे नाव कसे पडले ते त्याला तिथे कोणी सांगितले नव्हते.